ब्राउझर चालतो, मग ई-मेल का अडतो?

भिवंडीचा यंत्रमागवाला असो की धारावीचा चामड्याचा कारागीर, संगणकाशी गाठ आता कोणालाच चुकत नाही. ५०,००० रुपयांवरील माल परराज्यात धाडायचा तर ई-वे बिल लागते. ट्रक भरून उभा असताना पडद्यावर प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश आला, की आपले बांधव केबलवाल्याला बोल लावतात. पुष्कळदा केबल ठीक असते, बिघाड आपल्याच संगणकातील एका नोंदीत असतो.

प्रॉक्सी म्हणजे इंटरनेटवरचा अडत्या. आपला संगणक मागणी त्याच्याकडे करतो आणि तो बाहेरून पान आणून देतो. मोठ्या कचेऱ्या व कॉलेजे वापरावर लक्ष ठेवण्यासाठी असा अडत्या बसवतात. दोन-चार संगणकांच्या दुकानाला त्याची बहुधा गरज नाही, असे आमचे मत आहे. मुलाचा कॉलेजातला लॅपटॉप दुकानात आणला, की तिथल्या प्रॉक्सीचा पत्ता त्यात तसाच राहतो आणि गाडी अडते.

विंडोज १० व ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘प्रॉक्सी’ असे जावे. जुना पत्ता लिहून ठेवून ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद करावे. क्रोम आणि एज हीच नोंद मानतात. फायरफॉक्समध्ये मात्र प्रॉक्सीची नोंद वेगळीही ठेवता येते. तिथल्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क सेटिंग्ज’ पाहावे. एका ब्राउझरमध्ये जीएसटीचे पान उघडते आणि दुसऱ्यात नाही, त्याचे कारण अनेकदा हेच.

जिथे प्रॉक्सी खरोखर आहे, तिथे मेलचा घोळ होतो. ८०८० किंवा ३१२८ या पोर्टचा प्रॉक्सी सहसा वेब पानांसाठी असतो. थंडरबर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रे बहुधा ९९३ वरून येतात आणि ४६५ किंवा ५८७ वरून जातात. वेबचा पत्ता तिथे भरून उपयोग नाही. ‘सॉक्स’ प्रॉक्सीचा पत्ता आहे का, हे नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारावे. त्याचा पोर्ट बहुधा १०८० असतो. तो नसेल तर मेलचे पोर्ट थेट खुले करून मागावेत. तातडीच्या वेळी ब्राउझरमधून मेल उघडावी.

आता धोक्याची बाब. प्रॉक्सीच्या त्याच पानावर ‘सेटअप स्क्रिप्ट’ असते. नेटस्केपने १९९६ मध्ये काढलेली ही सोय ब्राझीलमधील चोरांनी बँकांच्या ग्राहकांना लुटण्यासाठी वापरली. बाकी सर्व पाने नीट उघडतात, फक्त बँकेचे पान चोराच्या हाती जाते. ग्राहकाला संशय येणार कसा? तिथे आपण किंवा आपल्या माणसाने न भरलेला पत्ता दिसला तर ती सोय बंद करावी, संगणक तपासून घ्यावा आणि बँक व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. फुकटच्या प्रॉक्सीवरून बँकेचे काम करूच नये. बँकेच्या पानावर प्रमाणपत्राबद्दल इशारा आला, तर ‘पुढे जा’ न दाबता शाखेत फोन करावा.