पांढरीतून वर आलेले तगर

तुळजापूरला आलेला भाविक भवानीचे दर्शन घेतो, सवड असली तर नळदुर्गचा पाणीमहाल पाहतो आणि परततो. धाराशिवच्या पलीकडे तेरणेकाठच्या तेरला जाणारेही बहुधा गोरोबाकाकांच्या समाधीसाठी जातात. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. ते सहसा कुणाच्या यादीत नसते.

तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असल्याचे आणि इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असल्याचे लिहिले आहे. हे तगर नेमके कुठले, यावर विद्वानांचा बराच खल झाला. कुणी जुन्नर म्हटले, कुणी दौलताबाद, कुणी कोल्हापूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरच्या बाजूने कौल दिला. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी गावातली विटांची देवळे तपासली आणि त्रिविक्रमाचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले.

पंडितांनी गाव ओळखले. वस्तू राखल्या त्या मात्र गावच्याच माणसाने. पावसाने पांढरीची माती वाहून गेली की तेरमध्ये मणी, नाणी, खापरे उघडी पडत. लामतुरे यांनी ती गोळा करण्याचा ध्यास घेतला. पुरातत्त्वाचे शिक्षण नसलेल्या या गृहस्थाचा संग्रह वीस हजारांच्या पुढे गेला. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी तेरवर जे छोटे पुस्तक लिहिले (१९६०), त्यामागेही हाच संग्रह होता.

दालनांत डोळा अडकतो तो लहान वस्तूंवर. दुहेरी साच्यात काढलेल्या भाजक्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलिनच्या बाहुल्या पाहाव्यात: केसांची नाना तऱ्हेची रचना, कानांत जड कुंडले, चेहऱ्यावर एक ठसका. सातवाहनांची नाणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत घडवलेली पदके तर फारच बोलकी. परदेशी नाणे गळ्यात मिरवायची हौस होती, पण ते सर्वांना परवडत नव्हते! समुद्र इथून दूर, तरी शंख इथवर पोचत होता. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ पाहिली की समुद्राचा माल या दुष्काळी मुलखाला आजही परका नाही, हे लक्षात येते.

तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती या सगळ्यांत नामांकित. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत अशीच भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्याआधीची हे पक्के, आणि त्याच आधाराने तेरच्या मूर्तीचाही काळ अजमावता येतो. जालन्याजवळच्या भोकरदनलाही याच जातीच्या मूर्तीचा तुकडा सापडला. अशा मूर्ती दख्खनमध्येच घडत असाव्यात, या मताला त्यामुळे बळ मिळते. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा मात्र अगदी वेगळी चीज. शेकडो वर्षांचे लाकूड या हवेत टिकावे, हेच मोठे नवल.

या संग्रहाची एक उणीव सांगितलीच पाहिजे. वेचलेली वस्तू कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होते, हे कळत नाही. चापेकर यांच्या १९५८ च्या आणि पुढच्या उत्खननांनी थरांचा हिशेब दिला आणि सातवाहनकाळाच्या वैभवाला पुरावा मिळाला. तरीही खणणाऱ्यांच्या हाती लागण्याआधीच जे वाहून किंवा विकले गेले असते, ते लामतुरे यांच्यामुळेच उरले.

तुळजापूरला येणाऱ्यांनी पुढच्या खेपेला एक दुपार तेरसाठी राखावी. शासकीय संग्रहालयांना सहसा सोमवारी सुटी असते, तेवढे पाहून निघावे.