पडणारी दांडी आणि गोळीचा वेग

हजार यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरच्या, नेमबाजीत गोळी नळीतून सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघाली की ७९० मीटर, एवढ्या फरकानेही सामान्य रायफलची गोळी निशाणावर वीतभराहून अधिक खाली लागू शकते. म्हणून दूर पल्ल्याच्या नेमबाजीचे सगळे गणित वेगाच्या अचूक मापावर उभे असते. हे माप पहिल्यांदा भरवशाचे केले ते इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने. १७४२ च्या ग्रंथात वर्णिलेल्या त्याच्या लंबकाच्या फळीत गोळी रुतत असे आणि लंबक किती झुलला यावरून तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, काढता येत असे.

त्याहून विलक्षण यंत्र बेल्जियमच्या तोफखान्यातील अधिकारी ल बुलाँजे याने १८६० च्या दशकात रचले. त्यात दोन विद्युतचुंबकांना दोन दांड्या लटकतात, आणि त्या चुंबकांचे प्रवाह गोळीच्या वाटेतील दोन चौकटींवर ताणलेल्या तारांतून जातात. गोळीने पहिल्या चौकटीची तार तोडली की लांब दांडी सुटते, दुसऱ्या चौकटीची तोडली की आखूड दांडी सुटून खटक्यावर आदळते, आणि खटक्याने मोकळे झालेले पाते पडत्या लांब दांडीवर खूण उमटवते. खूण जितकी वर, तितका अधिक वेळ. पण चुंबक सुटायला आणि पाते धावायलाही वेळ लागतोच. तो कळावा म्हणून दोन्ही प्रवाह एकदम तोडणारी एक कळ जोडलेली असते, आणि तिने मिळालेला काळ प्रत्येक मापातून वजा करतात. यंत्राने स्वतःचा विलंबही मोजावा, ही ल बुलाँजेची खरी प्रतिभा होय. हा विलंब एका अर्थी उपकारकच ठरतो, कारण पाव सेकंद पडलेल्या दांडीचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर झालेला असतो आणि तिच्यावरचा दशांश मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग होतो.

पुढे गोळीची सावली टिपणारे प्रकाशसंवेदक आले, तेव्हा काळ मोजणे सोपे झाले, पण अंतराची अडचण उरली: संवेदक ६० सेंटिमीटरवर असतील तर त्यांच्या मांडणीतील ६ मिलिमीटरची चूक वेगात एक टक्क्याची, म्हणजे सेकंदाला ८ मीटरची, चूक होते. शिवाय हाती येतो तो दोन संवेदकांमधला सरासरी वेग, नळीच्या तोंडाशी असलेला नव्हे. मधल्या हवेने घटवलेला वेग हिशेबाने परत मिळवावा लागतो. अलीकडच्या डॉप्लर रडारात गोळीवरून परतलेल्या लहरींची वारंवारिता बदलते, त्यावरून उड्डाणातल्या अनेक क्षणांचा वेग कळतो, आणि तोंडाशी असलेला वेग काढण्यासाठी त्याच मापांचा आलेख मागे नेता येतो.