सायप्रसच्या डोंगरात समुद्रतळाचं तांबं

संज्ञा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. कॉपरची संज्ञा 'सीयू' का? आपण सांगतो, लॅटिन 'क्युप्रम'वरून, आणि तो शब्द आला सायप्रस बेटावरून. बहुतेक वेळा आपण इथेच थांबतो. पण एखादी मुलगी विचारतेच, "सर, त्या बेटावर एवढं तांबं आलं कुठून?" 'खनिजे भूगर्भात आढळतात' हे काही त्याचं उत्तर नव्हे.

सायप्रसमधला त्रूदोस पर्वत हा सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे, भूपट्टांच्या रेट्याने वर आलेला. तिथे उशांची थप्पी रचावी तसा बेसॉल्ट दिसतो. लाव्हा पाण्यात बाहेर पडला की असाच गोल गोल थिजतो.

आता खरी गंमत. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून खाली झिरपतं. खाली शिलारस असतो, त्यामुळे ते 350 अंशांच्याही वर तापतं. तरी उकळत नाही, कारण वर दोन-अडीच किलोमीटर पाण्याचा दाब! हे तापलेलं, आम्लधर्मी झालेलं पाणी खडकातलं तांबं, जस्त, लोह विरघळवून घेतं. त्यात गंधकही असतं, काही खडकातलं, काही समुद्रजलातल्या सल्फेटपासून बनलेलं. पाणी जोरात वर येतं आणि 2 अंशांच्या थंड पाण्यात मिसळतं. क्षणात धातूंचे सल्फाइड कण बाहेर पडतात. पाणबुडीतून पाहिलं तर काळा धूर वाटतो. धूर नव्हेच तो! 1979 साली पूर्व पॅसिफिकच्या तळाशी शास्त्रज्ञांनी 'अल्विन' पाणबुडीतून अशी धुराडी प्रथम पाहिली, आणि सायप्रसच्या खाणींचं कोडं बरंच सुटलं.

हे ढीग उघडे राहिले तर समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन त्यांना गंजवून टाकतो. वर नवा लाव्हा किंवा गाळ वेळेवर पसरला तरच ते टिकतात. म्हणून प्रत्येक धुराड्याची खाण होत नाही.

"मग आपल्या सह्याद्रीतही बेसॉल्टच आहे की!" हाही प्रश्न येईल. आपला लाव्हा मुख्यतः जमिनीवर पसरला. समुद्रतळाखालचं हे फिरतं पाणी त्याला मिळालं नाही. भारताला मात्र 2016 साली हिंदी महासागरात 10,000 चौरस किलोमीटरवर असे सल्फाइड साठे शोधण्याचा करार मिळाला आहे.

वर्गात तुरटीचा प्रयोग करा. गरम पाण्यात भरपूर विरघळवा, थंड होऊ द्या, खडे जमतात. फक्त मुलांना एवढं सांगा, की तुरटी नुसत्या थंडाव्याने जमते. समुद्रात त्याच्या जोडीला पाण्याची आम्लताही बदलत असते.