अकरा हजार किलोमीटर चाललेली स्टॉर्म

लोहचुंबक कुठेच चिकटेना. जुनी गाडी बघायला जाणारे ते खिशात ठेवतात. चिकटलं तर खाली पत्रा शाबूत, सुटलं तर लांबी भरलेली. इथे बॉनेट, दारं, मडगार्ड, सगळीकडून ते घसरून खाली पडलं. सॅन स्टॉर्मला पत्राच नाही, अख्खी बॉडी फायबरची.

तिशीच्या आतल्या वाचकांनी हे नाव कदाचित ऐकलंही नसेल. रेल्वेची इंजिनं बांधणाऱ्या बंगळुरूच्या सॅन समूहाने १९९८च्या सुमारास ही दोन सीटची, कापडी हूडची मोटार आणली. बांधणी गोव्यात, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं. आजच्या साध्या हॅचबॅकमध्येही याहून जास्त ताकद असते. पण मारुती ८०० आणि झेनच्या त्या दिवसांत, इथेच बनलेली आणि टप मागे टाकून चालवता येईल अशी गाडी कुणीतरी बाजारात आणली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ती फार खपली नाही. आता एखादी विकायला निघाली की चार शहरांतले लोक फोन करतात.

ही एक भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये उभी होती. नंबर गोव्याचा. माझा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, त्याला ती घ्यायची होती. मी सोबत गेलो ते त्याच्या एका वाक्यामुळे. "काका, मेकॅनिकला नंतर दाखवू, आधी मामांना दाखवू." हे मामा मेकॅनिक नाहीत. बसचे डॅशबोर्ड आणि बंपर फायबरमध्ये ओततात, मूळचे उदगीरकडचे, वीसेक वर्षं भोसरीत. मोटार पारखायला मोल्डिंगचा कारागीर कशाला, ते मला बघायचं होतं.

आधी त्यांच्या गाळ्यावर गेलो. दारातच रेझिनचा वास नाकात शिरला, गोडसर आणि डोळ्यांना झोंबणारा. रेझिनमधल्या स्टायरिनची ती वाफ असते. दिवसभर त्यात राहिलं की डोकं जड होतं, घसा धरतो. मामांच्या तोंडावर फक्त ओला रुमाल होता. साच्यात जेलकोट, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर घालून ब्रशने थापायचं, रोलरने हवा काढायची. सुकलं की तुकडा निघतो. मजुरी नगावर. आमच्यासोबत यायला त्यांनी चालू काम सोडलं, म्हणजे त्या दुपारचे नग बुडाले.

शेडवर मालक वाट बघत होते. "फक्त अकरा हजार किलोमीटर चाललीय," हे त्यांचं पहिलं वाक्य. मीटरही तेच सांगत होता, आणि मालक खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटलं नाही. पेडलची रबरं नव्यासारखी, स्टीअरिंगची चकाकी कुठेच गेलेली नाही. पुतण्याचा चेहरा खुलला.

मामा मात्र मीटरकडे गेलेच नाहीत. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि बाजारात माठ घेताना वाजवून बघतात तशी बॉडी वाजवत निघाले. बॉनेटवर टणक आवाज. उजव्या दारावर टणक. डाव्या मागच्या चाकावर आल्यावर आवाज बसला, दबका झाला. तिथेच त्यांनी नाणं पुन्हा पुन्हा वाजवलं आणि खडूने गोल काढला. "इथं थर सुटलेत. कुणीतरी ठोकलीय मागनं." मग चाकाच्या कमानीत आतून टॉर्च मारून मला बोलावलं. आतल्या बाजूला रंग नसतो, मॅट उघडी दिसते. कारखान्यातली मॅट फिकट, एकसारखी बसलेली. त्यावर हातभर जागेत गडद पिवळी, गाठी राहिलेली दुसरी मॅट. बाहेरून तिथे लाल रंग आरशासारखा गुळगुळीत होता. चुंबक काय, रंगाची जाडी मोजणारं साधं यंत्रही इथे निकामी. ते धातूवर चालतं. चाळीस-पन्नास बंपर रोज हाताखालून जाणाऱ्या माणसाचा कानच इथे खरा.

"पण हे काहीच नाही," मामा म्हणाले. "बॉडी मी दोन दिवसांत करून देतो. खाली बघा."

फायबर गंजत नाही, त्यामुळे वरून गाडी तरुण दिसते. आत सांगाडा लोखंडीच. शिवाय वर पक्कं छत नाही. बंद मोटारीत छतही भार पेलतं; उघड्या मोटारीत सगळा पीळ दारांखालच्या बीमवर येतो. मामांनी दोन्ही दारं उघडून लावून दाखवली, अलगद लागली. मग पुढचं डावं चाक जॅकने उचललं. उजवं दार तसंच लागलं. डावं दार लागताना कुलपाच्या खुंटीवर आदळलं, पुन्हा लावलं तर पुन्हा आदळलं. मामांनी दाराच्या फटीत नख घातलं; वर नख सहज जाई, खाली अडे. एक टोक उचलल्यावर फट अशी बदलते म्हणजे खालचं लोखंड ढिलं पडलंय.

डाव्या सीटखालचं कार्पेट उचललं तर खालचा फोम ओला. मामांनी पेचकस टेकवला, जोर न लावता. तो आत गेला. वीतभर लांबीत लोखंडाचे पापुद्रे सुटत होते.

"पण अकरा हजारच चाललीय हो," मालक पुन्हा म्हणाले. त्यात आता विनवणी होती.

"म्हणूनच साहेब. उभी राहिली ना."

ही अकरा हजारांची गोष्ट आता जागोजागी दिसायला लागली. टायरची नक्षी भरपूर, पण कडेला कोरलेला आकडा ०९१२, म्हणजे २०१२ सालच्या नवव्या आठवड्यातला टायर. रबर लाकडासारखं कडक. हूडची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी, आणि तिच्याच कडेने पावसाचं पाणी आत झिरपून कार्पेटखाली साचलेलं. टाकीचं झाकण उघडलं तर शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या, त्या सगळ्या बदलायच्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याची नोंद नाही. तोही नवाच हवा. इंजिन मात्र दुसऱ्या सेल्फला लागलं, धूर नाही, आवाज स्वच्छ.

कागदांचं काम भोसरीपासून जवळच, मोशीच्या आरटीओत. गोव्याची गाडी, म्हणजे तिथली एनओसी, फॉर्म २८, मग इथला कर, मग एमएच-१४चा नंबर. पंधरा वर्षं केव्हाच उलटलीत, तेव्हा फेरनोंदणीचं पासिंग झालंय का ते आधी बघायचं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना नंतर आणखी वाढली. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, आरसीशी ताडला, जुळला. नंबर उजव्या बाजूला, शाबूत लोखंडावर आहे. तो भाग गंजला असता तर मी पुतण्याला तिथूनच परत नेलं असतं.

पुतण्याने सांगाड्याचा खर्च वजा करून किंमत सांगितली आणि एनओसी हातात आल्यावरच पैसे, असं ठरवलं. मालक कबूल झाले. माझ्या मते सौदा योग्य आहे. भोसरीत फायबरची कुठलीही बॉडी होते, बीम कापून नवा जोडणारे फॅब्रिकेटरही गल्लोगल्ली आहेत. गाडीची ओळख आणि कागद मात्र इथे कुणी ओतून देत नाही.

मामांना पुतण्याने पैसे विचारले तर ते म्हणाले, "बघायचे कसले पैसे? काम आलं की द्या." ते मला पटलं नाही. मेकॅनिक पिटवर गाडी घ्यायचे पैसे घेतो, सर्व्हेअर अहवालाचे घेतो. त्या दुपारी सर्वांत महागडी चूक टाळली ती याच माणसाने, आणि बुडालेल्या नगांची मजुरी त्याच्याच खिशातून जाणार होती. आम्ही दिवसाची मजुरी धरून पैसे त्यांच्या हातात ठेवले. तुम्ही अशी गाडी बघायला जाल तेव्हा फायबरचा कारागीर सोबत न्या, आणि त्याच्या पारखण्याचे पैसे निघण्याआधीच ठरवा, गाडी घ्या किंवा घेऊ नका.