घरी बांधलेले विमान आपली ओळख कशी देते?

विमान म्हणजे प्रचंड कारखान्यातच तयार होणारी वस्तू, अशी आपली समजूत असते. पण मुंबईत कांदिवलीजवळच्या चारकोप येथे कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाण-चाचण्या झाल्या.

असे विमान रेडिओवरून नियंत्रकाशी बोलते, तेव्हा स्वतःचे नाव काय सांगते? जळगाव जामोदवरून पांढरी रेघ ओढत जाणाऱ्या प्रवासी विमानाला अडचण नसते. कंपनीचे ठरलेले नाव आणि उड्डाणाचा क्रमांक सांगितला की झाले. घरी बांधलेल्या विमानाला ना कंपनी, ना उड्डाण-क्रमांक. त्याचे नोंदणीचिन्ह हेच त्याचे नाव! आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मोटारींवर ‘एमएच २८’ असते, तसे प्रत्येक भारतीय नागरी विमानावर ‘व्हीटी’ असते. यादव यांच्या विमानाचे चिन्ह आहे ‘व्हीटी-एनएमडी’.

आता गंमत पाहा. हे चिन्ह असेच उच्चारले तर काय होईल? ‘एन’ आणि ‘एम’ यांत सुरुवातीचा ‘ए’ सारखाच. ‘डी’, ‘बी’, ‘टी’ यांत शेवटचा ‘ई’ सारखाच. बोलताना स्वर जोरदार आणि लांब निघतो, व्यंजन मात्र क्षणभरच आणि क्षीण असते. इंजिनाच्या घरघरीत व्यंजन बुडून जाते आणि कानावर नुसता स्वर पडतो. शिवाय रेडिओसंच आपल्या बोलण्यातील उच्च कंपनसंख्येचे ध्वनी गाळून टाकतो. त्यामुळे ‘एनएमडी’चे ‘एमएनबी’ व्हायला वेळ लागत नाही.

आणि हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. एकाच कंपनसंख्येवर अनेक वैमानिक ऐकत असतात. एकाला दिलेली ‘खाली या’ ही आज्ञा दुसऱ्याने आपली समजून पाळली तर?

यावर उपाय म्हणून १९५६ पासून जगभर प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द ठरलेला आहे. त्यानुसार आपले विमान म्हणेल, ‘व्हिक्टर टँगो नोव्हेंबर माईक डेल्टा’. ‘नोव्हेंबर’मधला एखादा ध्वनी हरवला, तरी उरलेल्या ध्वनींवरून शब्द ओळखू येतो. पहिल्या संभाषणात पूर्ण नाव सांगावे लागते. पुढे नियंत्रकाने स्वतः नाव आखूड केले, तरच वैमानिकाने ‘व्हिक्टर माईक डेल्टा’ असे म्हणायचे. पहिले अक्षर आणि शेवटची दोन, एवढी तरी राहतातच. धावपट्टी, उंची यांसारख्या महत्त्वाच्या आज्ञा वैमानिकाने पुन्हा उच्चारून आपले नाव जोडायचे, म्हणजे चूक झाली असल्यास नियंत्रकाला लगेच कळते.

नावाबरोबर जातही कळावी लागते. परिचित बनावटीच्या विमानाचा वेग नियंत्रकाला ठाऊक असतो. त्यावरून मागच्यापुढच्या विमानांत किती अंतर ठेवायचे, हे तो ठरवतो. घरी बांधलेल्या विमानाचा असा अंदाज कसा करणार? म्हणून उड्डाणाच्या आराखड्यात, बनावटीला ठरलेला संकेत नसल्यास, ‘झेड’ हे अक्षर चार वेळा लिहून बनावटीचे नाव वेगळे देतात. अमेरिकेत तर आपले विमान ‘एक्स्पेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक आहे, हे वैमानिकाने विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याला कळवलेच पाहिजे, असा नियम आहे.

तुम्हीही एक प्रयोग करा. खोलीत पंखा जोरात सुरू ठेवा. मित्राला दाराबाहेरून हळू आवाजात बी, डी, टी, एम, एन ही अक्षरे उलटसुलट क्रमाने म्हणायला सांगा आणि ऐकू येतील तशी लिहून काढा. मग अक्षरांऐवजी ब्राव्हो, डेल्टा, टँगो, माईक, नोव्हेंबर हे शब्द त्याच आवाजात म्हणायला सांगा. दोन्ही वेळच्या चुका मोजा. कोणती यादी वैमानिकाच्या उपयोगाची, हे तुमची वहीच सांगेल.