माध्यमिक स्तरावरील कृषिविज्ञानाचे प्रात्यक्षिक : पर्जन्यमापनाकडून पाण्याच्या ताळेबंदाकडे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यातील घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. जिल्ह्याचा उर्वरित बहुतांश भाग मात्र पर्जन्यछायेत येतो. अशा जिल्ह्यातील माध्यमिक शाळेत कृषिविज्ञानाचे पहिले प्रात्यक्षिक पावसाच्या मोजणीचे असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यासाठी महागड्या उपकरणाची आवश्यकता नाही. उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा व मोजपट्टी पुरेशी होते. बादली मात्र फसवी; तिचे तोंड तळापेक्षा रुंद असल्याने नोंद वास्तवापेक्षा अधिक येते. डबा मोकळ्या जागी, जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावा आणि दररोज सकाळी ८.३० वाजता नोंद घ्यावी. गतवर्षीची प्रयोगवही पाहून सुवाच्य अक्षरात उतरविलेल्या नोंदींना पूर्ण गुण देण्याची आपली सवय या ठिकाणी सोडावी लागेल.

१ मि.मी. पाऊस म्हणजे १ हेक्टरवर १०,००० लिटर, अर्थात एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. वर्षभरात ५०० मि.मी. पाऊस झाल्यास एका एकरावर २० लाख लिटर पाणी पडते. हा आकडा पाहून विद्यार्थी हरखतो व चुकतो. यातील काही पाणी वाहून जाते, बरेचसे बाष्पीभवनाने व पिकांद्वारे हवेत परतते आणि उरलेले जमिनीत मुरते. प्रत्येक वाट्याचा अंदाज घेण्यासच पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

याच जिल्ह्यातील नगर तालुक्यात असलेल्या हिवरे बाजारने हे गणित ग्रामसभेत आणले. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे मृद् व जलसंधारणाची कामे झाली, सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी करण्यात आली आणि पुढे उपलब्ध पाण्यानुसार पीकनियोजन ठरू लागले. त्या हिशेबात गुणाकार व वजाबाकीपलीकडचे गणित फारसे नाही. इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यास ते सहज पेलते. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याची पद्धत माध्यमिक शाळांपर्यंत नेली आहे. तेव्हा असे शिक्षण शाळेत अशक्य आहे, हा आक्षेप टिकत नाही.

प्रात्यक्षिकाचा दुसरा भाग विहिरीवर व्हावा. दोरीला वजन बांधून दर आठवड्यास पाण्याची पातळी मोजावी. मोटारीच्या पाण्याने २०० लिटरचे पिंप भरण्यास ४० सेकंद लागल्यास तासाला १८,००० लिटर उपसा होतो. गव्हाच्या एका पाळीस ६ सें.मी. पाणी धरले, तर एका एकरास सुमारे २ लाख ४० हजार लिटर, म्हणजे तेरा तासांहून अधिक उपसा लागेल. अशा पाच पाळ्या द्यावयाच्या आहेत. विहीर सहा तासांत तळ गाठत असेल आणि पुन्हा भरण्यास दोन दिवस घेत असेल, तर गहू किती गुंठ्यांवर घ्यावा व उरलेल्या रानात ओलीवर येणारी ज्वारी पेरावी काय, हा प्रश्न विद्यार्थ्याने पेरणीपूर्वी, आकडे हाती घेऊन, घरी वडिलांसमोर मांडावयाचा आहे.