गाडी दोघांची, मग निवड एकट्याची का?

दिवाळीच्या पाडव्याला नवी मोटारसायकल घ्यायची, असं आमच्याकडे ठरलं तेव्हा ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘‘रंग कुठला आवडेल तुला?’’ सीसी, मायलेज, ब्रेक, टायर हा सगळा विषय ह्यांच्या आणि भाऊजींच्या अखत्यारीतला! मी म्हटलं, ‘‘रंग तुम्ही ठरवा. बाकीचं मला विचारा.’’ भाऊजी हसले. पण मी गमतीने बोलले नव्हते.

आमची जुनी मोटारसायकल ह्यांनी लग्नाआधी घेतलेली. एकट्याने भरधाव जायला छान. मागची सीट मात्र पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच, तळहाताएवढी, आणि पुढे उतरती. चाकाला असलेलं साडीगार्ड ‘गाडीचं रूप जातं’ म्हणून काढून माळ्यावर ठेवलेलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एका मुंजीहून परत येताना माझा पदर मागच्या चाकात गेला. गतिरोधक नुकताच ओलांडला होता, गाडी हळू होती, म्हणून निभावलं. तरी खाली पडलेच. कोपराला सहा टाके पडले आणि चाकात गुंडाळलेली साडी कात्रीने कापून काढावी लागली.

साडीगार्ड दुसऱ्याच दिवशी परत बसलं. मी मात्र पुन्हा मागे बसले नाही. एकाच लग्नाला हे गाडीवरून आणि मी एसटीने, अशी आमची वरात कित्येक वर्षं निघायची. कार्यालयाच्या दारात आम्ही एकमेकांची वाट बघायचो. त्यामुळे या वेळी मी ठरवलं होतं, मागे कोण बसणार आहे, हे आधी बघायचं आणि मगच गाडी ठरवायची.

आधी घरचा हिशेब

मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी वही घेऊन बसा. आठवड्यात गाडी एकट्यासाठी किती चालणार आणि दोघांसाठी किती, हे लिहून काढा. आम्ही वाईला राहतो. ह्यांचं ऑफिस साताऱ्याला, म्हणजे जाताना पस्तीसेक किलोमीटर आणि येताना तेवढेच, त्यातलं बरंचसं हायवेने. हे झालं एकट्याचं काम. शनिवारचा बाजार, लग्नकार्यं आणि पाचगणीला वन्संकडे जाणं हे दोघांचं. पाचगणी आहे बारा-तेरा किलोमीटरवरच, पण मध्ये पसरणीचा घाट!

हा हिशेब मांडला की अर्धी निवड आपोआप होते. सारं जाणं-येणं गावातल्या गावात असेल तर बिनगियरची स्कूटर सोयीची. पायाशी सपाट जागा असते, पिशवी ठेवता येते, आणि गृहिणीलाही चालवता येते. पण स्कूटरची चाकं लहान, साधारण दहा-बारा इंची. मोटारसायकलची सतरा-अठरा इंची असतात. मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं, लहान चाक आत बसतं आणि हिसका मागच्या माणसाच्या कमरेला लागतो. रोजचा लांबचा रस्ता आणि घाट असेल तर मोटारसायकल बरी.

त्यातही १०० ते ११० सीसीची गाडी एकट्याला पुरते आणि पेट्रोल कमी पिते. पण दोघांना घेऊन चढण आली की तिला धाप लागते, सारखे खालचे गियर टाकावे लागतात. ताकदीची, दीडशेच्या पुढची गाडी चढ हसतहसत चढते, पण पुष्कळदा तिचीच मागची सीट उंच आणि निमुळती असते. आमच्यासारख्यांना १२५ सीसीची साधी, लांब सीटची गाडी मधली वाटली. विजेच्या स्कूटरचा विचार असेल तर एका चार्जिंगमध्ये किती जाते, तो आकडा दोघं बसून चढावर कमी भरतो, हे ध्यानात ठेवा.

मागच्या सीटची परीक्षा

गाडीच्या मागे वाकून बघायला लाजू नका. चार गोष्टी पाहायच्या. सीट सलग, सपाट आणि रुंद आहे का? हाताला धरायला मागे किंवा बाजूला पक्की पकड आहे का? दोन्ही पायांना टेकायला पायटे आहेत का, आणि साडीत एका बाजूला बसणाऱ्यांसाठी डावीकडे पाय ठेवायला पट्टी आहे का? चौथं म्हणजे साडीगार्ड. साखळीसुद्धा पूर्ण झाकलेली असली तर फार बरं. उघड्या साखळीत ओढणी अडकायला क्षणही लागत नाही.

ही काही आपली हौस नव्हे हं! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमात हाताची पकड, पायटे आणि मागचं निदान अर्धं चाक झाकेल असं संरक्षण, या तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. मागच्या माणसाचे कपडे चाकात जाऊ नयेत, हे कारणही तिथेच लिहिलं आहे. मला हे वाचून हसावं की रडावं कळेना. जी वस्तू कायद्याने चाकाला हवी, ती आमच्या माळ्यावर पापडाच्या डब्याशेजारी पडून होती!

वजन सांगायला लाजू नका

गाडीसोबतच्या पुस्तकात ती किती ओझं वाहू शकते, ते किलोत दिलेलं असतं. माणसं आणि सामान, दोन्ही त्यात आलं. आमच्या दोघांचं मिळून १३४ किलो भरतं. भाऊजींसमोर आकडा सांगताना मला कसंसंच झालं, पण सांगितला. एका गाडीच्या पुस्तकात १३० लिहिलेलं होतं. ती तिथेच बाद झाली. मायलेज विचारायला सगळे जातात, हा आकडा कुणी विचारत नाही.

मागे माणूस बसलं की भार मागच्या चाकावर जातो, पुढचं चाक हलकं होतं, आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त जागा लागते. यावर सोपा उपाय गाडीतच असतो. मागच्या टायरच्या हवेचे पुस्तकात बहुधा दोन आकडे असतात, एकट्याचा आणि दोघांचा. पंपावर ‘भर रे हवा’ म्हणून चालत नाही, आकडा सांगावा. मागच्या शॉकअप्सला बऱ्याच गाड्यांत खाचा असतात. दोघांना लांब जायचं असेल तेव्हा स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करून घ्यावी. नाही तर गाडी मागून बसते आणि रात्री दिव्याचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

ब्रेकचंही विचारा. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत निदान सीबीएस आणि त्यावर एबीएस बंधनकारक झालं. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. एबीएसमध्ये जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. ओल्या रस्त्यावर त्याचं मोल कळतं.

ट्रायल दोघांनी घ्यायची

शोरूममध्ये गंमत झाली. ह्यांनी किल्ली घेतली आणि दुकानातला विशीतला सडपातळ मुलगा टुणकन मागे बसायला आला. मी म्हटलं, ‘‘बाळा, तू उतर. या सीटवर पुढची दहा वर्षं मी बसणार आहे.’’

आम्ही एक चक्कर मारली. गतिरोधकावरून नेली, चढावर थांबवून पुन्हा काढली, अरुंद गल्लीत वळवली, बेताचा ब्रेक दाबून पाहिला. मी मागे सरकते की ह्यांच्या पाठीवर आदळते, हेही बघितलं. थांबल्यावर ह्यांचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात की नाही, ते मी मागून पाहत होते. एकट्याने बोटांवर तोललेली गाडी मागे माणूस बसलं की कलंडते. ह्यांना आवडलेली लाल, डौलदार गाडी याच परीक्षेत नापास झाली. थोडा वेळ घुश्शात होते, पण घाटाचं नाव काढल्यावर पटलं.

आपल्याकडूनही काही

सगळी जबाबदारी गाडीवर टाकून भागणार नाही. साडीत एका बाजूला बसलं की भार एकीकडे जातो आणि तोल चालवणाऱ्याला सांभाळावा लागतो. लांब जायचं तर पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणं केव्हाही बरं. साडी पोचल्यावर नेसता येते. ओढणी मागे सोडू नका, कमरेला गाठ मारा. वळणावर घाबरून उलटीकडे झुकू नका.

हेल्मेट दोघांनाही हवं, आयएसआय खुणेचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं. उंच अंबाड्यावर ते बसत नाही, म्हणून मी आता सैल वेणी घालते. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधायचा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. आणि चालवणाऱ्यामागे एकच माणूस, लेकरूसुद्धा त्यातच मोजायचं. आमची लेक नऊ वर्षांची आहे. तिघांना जायचं असलं की आम्ही तिघंही एसटीने जातो. तिला मध्ये दाबून बसवायचा मोह होतो, नाही असं नाही.

पाडव्याला गाडी आली. रंग काळा, ह्यांच्या पसंतीचा. भाऊबीजेला लेक आजीजवळ राहिली आणि आम्ही दोघं पसरणीच्या घाटाने वन्संकडे गेलो. पहिल्या दोन वळणांवर मी पकड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. मध्ये ह्यांनी गाडी कडेला थांबवली आणि विचारलं, ‘‘ठीक आहेस ना?’’ मी म्हटलं, ‘‘चला.’’

तुमच्याही घरी गाडीचा बेत चालला असेल, तर रंग निवडून गप्प बसू नका. टोचणारा पदर बाजूला खोचा, त्यांच्याबरोबर शोरूममध्ये जा आणि आधी मागच्या सीटवर बसून बघा.